घरात माणसं किती

'तुमची निवड झाली आहे' एवढंच ब्लियाला वाचता आलं आणि तिनं कोंबडा कापला.

पत्र शुक्रवारी दुपारी आलं. जाड पाकीट, कोपऱ्यात कॉलेजचा लाल शिक्का. अमेरिकेत येऊन इतकी वर्षं झाली तरी ब्लियाचं इंग्रजी म्हणजे कोंबड्यांच्या कारखान्यातल्या भिंतींवर लावलेल्या पाट्यांएवढं. पण 'सिलेक्टेड' हा शब्द तिला ठाऊक होता. फेब्रुवारीत शिष्यवृत्तीचं पत्र आलं त्यातही तो होता आणि तेव्हा तिची थोरली लेक शेंग स्वयंपाकघरात उड्या मारत होती. म्हणजे आता पोरीला आणखी काहीतरी मिळालं. तिनं खुराड्यातला काळा कोंबडा धरला, आजोबांनी रक्ताला वाडगं धरलं, आणि तिनं गवती चहा घालून रस्सा उकळायला ठेवला.

साडेतीनला शाळेची बस रस्त्यावर थांबली. शेंग चिखलातून उड्या टाकत आली.

"बस आधी. गरम आहे तोवर खा," ब्लिया म्हणाली.

"कोंबडा कशाला कापलास?"

"तुझी निवड झाली की."

शेंगनं उभ्याउभ्याच पत्र वाचलं. पहिलं पान, दुसरं पान. मग परत पहिलं.

"आई, ही तसली निवड नाही."

"निवड ती निवड. तसली नि असली काय?"

"पडताळणीसाठी निवडलंय. सरकारी मदतीच्या अर्जात आपण लिहिलं ते खरं आहे का, ते बघणार आहेत."

ब्लियाचा हात पळीवरच राहिला. आजोबा तंगडी चोखत होते. त्यांनी ती वाडग्यात परत ठेवली.

"कोण बघणार?"

"कॉलेजची मदत कचेरी. अगं, खूप जणांना येतं हे पत्र. चिठ्ठ्या टाकल्यासारखी नावं काढतात."

"मग आपलीच बरी निघाली!" ब्लिया म्हणाली.

"काय बघणार?" आजोबांनी विचारलं. एक्याऐंशीचं वय, पण आवाज अजून खणखणीत. आत्ता तो एकदम बारीक झाला होता.

"घरात माणसं किती. नावं, वयं, कोण कोणाचं काय लागतं. खाली बाबांची सही."

आजोबा उठले, हात धुतले आणि दार लोटून बाहेर गेले. वाडग्यातला रस्सा तसाच राहिला. ब्लियानं तो परत पातेल्यात ओतला आणि धाकट्या दोघी लेकींना हाका मारल्या.

शेंगला चार तासांच्या अंतरावरच्या मोठ्या कॉलेजात जागा मिळाली होती. हुशारीची शिष्यवृत्ती फी भागवणार होती. राहणं, खाणं, पुस्तकं यांचं सरकारी मदतीवर होतं. आणि शिष्यवृत्तीच्या कागदावर खालच्या अंगाला बारीक अक्षरात लिहिलं होतं : एक मेपर्यंत मदतीचे कागद पुरे झाले नाहीत, तर दोन्ही जातील, यादीतल्या पुढच्या पोराला. मग शेंगला एकच जागा उरायची. ब्लियाच्या शेजारची. पट्ट्यावरून उलट्या टांगलेल्या कोंबड्या येतात, मिनिटाला किती ते सांगितलं तर खोटं वाटेल, आणि बायका त्यांचे पंख खांद्यातून कापतात. ब्लियाची उजव्या हाताची तीन बोटं सकाळी उघडत नसत. ती कोमट पाण्यात धरून एकेक उघडायची.

एक मेला बारा दिवस होते.

शनिवारी शेंग बापाबरोबर जिनसेंगच्या रानात गेली. सुट्टीच्या दिवशी ती नेहमीच जायची. जिनसेंगला ऊन सोसत नाही. चार वर्षं ते मूळ अंधारात वाढवायचं, म्हणून सगळ्या रानावर माणसाच्या डोक्याच्याही वर काळं शेडनेट. हिवाळ्यात ते उतरवायचं, बर्फाच्या वजनानं फाटतं. एप्रिल संपता संपता परत चढवायचं. त्याआधी बर्फानं वर उचललेले डांब ठोकून सरळ करायचे.

तेंग गाडीच्या फळीवर उभा राहून घण मारत होता. शेंग खाली डांब धरून उभी. माती वरून मऊ, वीतभर खाली अजून गोठलेली. प्रत्येक ठोक्याला धक्का तिच्या कोपरापर्यंत यायचा. वारा उत्तरेचा होता, नाक वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"डॉक्टरीणबाई, डांब वाकडा चाललाय," पलीकडच्या ओळीतून छाइ मावशी ओरडली. "का आत्तापासूनच शहराकडे झुकलाय?"

"मावशी, तुमची तार ढिली आहे ती बघा."

"आमची तार चाळीस वर्षं ढिली आहे, बाई. कोणी ताणणारा भेटला नाही."

बायका हसल्या. तेंग हसला नाही. त्याला ऐकू कमी यायचं, असं तो सांगायचा. खरं तर त्याला हसण्याची भीती वाटायची. चारचौघांत हसलं की माणूस लक्षात राहतो, असं त्याचं मत होतं. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस. मर्यादेपेक्षा पाच मैल कमी वेगानं ट्रक चालवायचा. नागरिकत्वाचा कागद तांदळाच्या डब्यात, तळाशी, प्लास्टिकमध्ये गुंडाळून.

"बाबा, एका कागदावर सही लागेल."

"आईची घे."

"तुमचीच लागते. घरातली माणसं लिहायची आहेत. तुम्ही, आई, मी, धाकट्या दोघी. आणि आजोबा."

घण वर गेला, खाली आला.

"आजोबांचं काय लिहायचं?"

"नाव, वय. नात्याच्या रकान्यात आजोबा. अर्जात तेच भरलंय मी."

घण डांबाच्या डोक्यावरून सटकला आणि तेंगच्या नडगीवर घासून गेला. तो फळीवर खाली बसला. विजारीवर काळपट ओल पसरली. त्यानं तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"त्या दुसऱ्या पैशासाठी तू जे लिहिलंस. हुशारीच्या. ते काय लिहिलंस?"

"निबंध. सांगितलं होतं की मी तुम्हाला."

"बक्षीस मिळालं सांगितलंस. लिहिलंस काय?"

हा निबंध सगळ्यांनाच लिहावा लागतो. तुमच्या आयुष्यातलं एक संकट सांगा आणि त्यातून काय शिकलात ते सांगा, पाचशे शब्दांत. ज्यांच्या घरात संकट म्हणजे कुत्रं मेलं, ती पोरं कुत्र्यावर लिहितात. आमच्या पोरांना ग्रोटेबाई, शाळेतल्या समुपदेशक, सांगतात की तुमच्याकडे तर केवढी मोठी गोष्ट आहे, ती वाया घालवू नका. म्हणजे मेलेली माणसं काढा, झटका, मांडा. चांगली मांडलीत तर फी माफ. कोणाचा आजा किती वाईट रीतीनं मेला यावर कोणाला किती मिळणार हे ठरवणारी माणसं चांगली असतात, वाचताना रडतातसुद्धा.

शेंगनं चांगली मांडली होती. माझे आजोबा मेकाँग नदीच्या काठावर गोळी लागून पडले. माझे वडील नऊ वर्षांचे होते. वडिलांच्या चुलत्यांनी त्यांना बांबूच्या मोळीसकट पाठीला बांधलं आणि नदी पार केली. ते चुलते आजही आमच्याच घरात राहतात.

तिनं हे आपल्या भाषेत बापाला सांगितलं. वाऱ्यात, डांबाला धरून. तेंग ऐकताना मान खाली घालत गेला.

"चुलते लिहिलंस?"

"मी आधी 'थोरले बाबा' लिहिलं होतं. ग्रोटेबाई म्हणाल्या, इंग्रजीत असं काही नसतं, हे कोण? म्हटलं, वडिलांच्या वडिलांचे मोठे भाऊ. मग अंकल लिही म्हणाल्या."

"आणि मेलेले आजोबा."

"मग मेलेच ना ते?"

"आणि सरकारच्या फॉर्मात आजोबा जिवंत. एक्याऐंशी वर्षांचे. आपल्या घरात जेवतायत."

"पण आपण दोघांनाही आजोबाच म्हणतो, बाबा. सख्खे काय, चुलत काय."

"आपण म्हणतो. ते म्हणतात का?" तेंगनं आजूबाजूला पाहिलं. छाइ मावशी लांब गेली होती. "त्यांना कळव. नको म्हणावं. पैसे नकोत, कॉलेज नको."

"बाबा!"

"डांब धर."

"तुमच्या नडगीतून रक्त येतंय."

"डांब धर म्हटलं ना."

रविवारी सकाळी आजोबा प्लास्टिकच्या खोपटात मिरचीची रोपं एका ट्रेमधून दुसऱ्यात लावत होते. आत ऊब होती, ओल्या मातीचा वास होता. शेंग पालथ्या बादलीवर बसली.

"बाबा बोलत नाहीत माझ्याशी."

"तो माझ्याशीही बोलत नाहीये. लहानपणापासून असाच. भ्याला की मुका होतो. नदीत मुका होता म्हणून वाचला."

"कशाला भ्यालेत एवढे?"

आजोबांनी एक रोप बोटानं दाबून बसवलं. मग दुसरं.

"निर्वासितांच्या छावणीत एक टेबल होतं," ते म्हणाले. "मागे एक गोरा, आणि बाजूला आपलाच एक दुभाष्या. गोऱ्यानं विचारलं, हा पोरगा कोणाचा? मी म्हटलं, माझ्या भावाचा. दुभाष्या मला म्हणाला, काका, भावाचा असेल तर तो अनाथांच्या रांगेत जाईल, वेगळ्या. तुम्ही अमेरिकेला, आणि तो कुठे जाईल ते मला माहीत नाही. मग त्यानं पोरालाच विचारलं, तुझा बाबा कोण? पोरानं माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाला, थोरले बाबा. दुभाष्यानं 'थोरले' तेवढं गिळलं."

"मग तुम्ही कुठे खोटं बोललात?"

"बोललो नाही. गप्प बसलो. वाचून दाखवलं त्यांनी, बाप अमुक, मुलगा तमुक. मी अंगठा दिला. माझे दोघे पोरगे नदीपलीकडेच राहिले होते, शेंग. कागदावर मुलाची जागा रिकामी होती."

"तुमचा कागद ही माणसं बघणार नाहीत, आजोबा. ती कॉलेजातली माणसं आहेत."

"छाइच्या दिरालाही असंच सांगितलं होतं. इमिग्रेशनच्या कचेरीत सही करायला या म्हणाले. गेल्या थंडीत गेला. त्याची गाडी अजून त्या कचेरीच्या आवारात आहे, आणि तो लाओसमध्ये. ज्या देशात जन्मला नाही त्या देशात. छावणीत जन्मलेला तो."

"त्यानं गुन्हा केला होता. वीस वर्षांपूर्वी."

"तुझ्या बापानं नागरिक होताना हात वर करून शपथ घेतली, की कागदावर आहे ते सगळं खरं." आजोबांनी नखातली माती काढली. "तो रोज हिशेब करतो, हाही गुन्हाच धरतील का."

खोपटाचं प्लास्टिक वाऱ्यानं फडफडलं तर दोघांनीही दाराकडे पाहिलं.

सोमवारी शेंगनं शाळेतून कॉलेजला लिहिलं. शिष्यवृत्तीवाल्यांनी तिचा निबंध फोटोसकट आपल्या पत्रिकेत छापायचं ठरवलं होतं. तिनं लिहिलं, कृपा करून छापू नका, घरगुती अडचण आहे. तासाभरात उत्तर आलं. तुझा विनय आम्हाला आवडला, पण अंक छापून झाला आहे आणि या आठवड्यात दहा हजार घरी जाईल. तुझी गोष्ट वाचून आमच्या कचेरीत सगळ्यांचे डोळे पाणावले. शेवटी हसणारं तोंड.

ग्रोटेबाईंनी तिला पडताळणीचा कोरा कागद दिला. "वडिलांना घेऊन ये. इथेच सही करू, मी इथूनच पाठवते. दोन मिनिटांचं काम आहे."

त्या दिवशी तेंग लवकर घरी आला. रान ओलं होतं, नेट ओढलं की फाटत होतं. चार वाजता अंगणात एक मोठी गाडी वळली. पांढरी, दारावर निळी अक्षरं. तेंगनं खिडकीतून पाहिलं आणि हातानं खूण केली. ब्लियानं गॅस बंद केला. धाकट्या दोघी टेबलाखाली गेल्या, कोणी सांगायच्या आत. त्यांना हे कधी शिकवलं होतं? कोणी शिकवलं नव्हतं. आजोबा न्हाणीघरात जाऊन कडी लावून बसले. दारावर थाप पडली. परत पडली. बाहेर माणूस शीळ घालत होता.

मग घराच्या मागे लोखंडावर लोखंड वाजलं. शेंग खिडकीच्या कडेनं वाकली.

"गॅसवाला आहे. टाकी भरतोय."

कोणी हललं नाही. गॅसवाला टाकी भरून, दाराला पावती अडकवून निघून गेला, गाडी रस्त्याला लागली, तरी तेंग भिंतीला पाठ लावून उभाच होता. त्याच्या नडगीवरची पट्टी सुटून पायात आली होती. न्हाणीघराच्या दारावर शेंगनं टकटक केली तर आतून आवाज आला, "कोणी नाही."

ती तिथेच खाली बसली. हसावं की काय करावं तिला कळेना.

रात्रभर ब्लिया मागे लागली, तेव्हा कुठे मंगळवारी सकाळी तेंगनं मालकाकडे दोन तासांची सुट्टी मागितली. म्हातारा हार्टविग ट्रॅक्टरवरून उतरलासुद्धा नाही.

"कशाला?"

"स्कूल. सही."

"हवामान बघितलंस? परवा कडक ऊन आहे. कोंब वर आलेत. नेट कोण चढवणार, तुझी शाळा?" मग तो हसला, कारण तो वाईट माणूस नव्हता, असं त्याचं स्वतःबद्दल मत होतं. "पोरगी पेपरात आली म्हणे. आता मोठी होणार, मग मलाच कामावर ठेवेल. जा उद्या. दोन तास. रविवारी भरून दे."

तेंगनं मान हलवली. 'पोरगी पेपरात आली' एवढंच त्याच्या कानात राहिलं. घरी येऊन त्यानं तेच सांगितलं.

"मालकानं पण वाचलं. छापलेलं. गावातल्या पेपरनं उचललं असेल."

तेंग जाईन म्हणाला होता, पण सही कशावर करायची हे ठरलं नव्हतं. जेवणाच्या टेबलावर कागद मधे ठेवला होता. शेंगनं त्याखालची ओळ परत वाचून दाखवली. जाणूनबुजून खोटी माहिती दिल्यास दंड, तुरुंग किंवा दोन्ही.

"तुरुंग असंच लिहिलंय ना?" तेंगनं विचारलं. "दुसरा काही अर्थ होत नाही?"

"नाही."

"आजोबा लिहिलं तर?"

"निबंधात ते मेलेत."

"चुलते लिहिलं तर?"

"मग तुमच्या कागदांवर ते वडील आहेत."

"काहीच नाही लिहिलं तर?" ब्लियानं विचारलं. "ती ओळच सोडून द्या."

"मग ते खोटं होतं, आई. ते राहतात ना इथे. हे काय इथेच बसलेत."

आजोबा भाताचं शीत शीत वेचत होते.

"मग मी इथे बसायचं नाही," ते म्हणाले.

कोणाला लगेच कळलं नाही.

"पाझ्वाकडे जातो. सेंट पॉलला. लेक कधीची बोलावतेय. मी तिथे राहायला लागलो की कागद खरा होतो. कोणी विचारलं तर काय, घरात पाच माणसं. मोजून घ्या."

"लेकीच्या घरात?" ब्लियाचा आवाज चढला. "तिच्या नवऱ्याचं कूळ वेगळं, थोरले बाबा. त्यांचे घरदेव वेगळे. चार दिवसांचा पाहुणा म्हणून ठीक आहे. तिथे काही झालं तर? त्यांच्या छताखाली आपल्या कुळाचा माणूस..." तिनं पुढचा शब्द उच्चारला नाही. तो घरात उच्चारत नाहीत. "तुमच्या जिवाला वाट कोण दाखवणार तिथून?"

"मरायलाच निघालोय असं कोण म्हणालं? जावयाच्या घरात मरायला मी काय येडा आहे? दोनचार आठवडे. कागद गेला, पैसे आले, की परत."

शेंग कागदाकडे बघत होती. तिला बोलायचं नव्हतं.

"अर्जातला आकडा या कागदावर दुरुस्त करता येतो. पण दोनचार आठवडे नाहीत," ती म्हणाली. "इथे लिहिलंय. या जुलैपासून पुढच्या वर्षीच्या जूनअखेरपर्यंत घरात कोण राहणार, ते."

आजोबांनी बोटं मोजली. एका हाताची झाली, दुसऱ्या हाताची झाली, मग परत पहिल्या हातावर आले. चौदा महिने. गेल्या हिवाळ्यात ते दोनदा दवाखान्यात राहून आले होते. छातीत पाणी.

"मी नाही जाणार कॉलेजला," शेंग म्हणाली. "मीच नाही जात. मग कागदच नको."

"गप," आजोबा म्हणाले. "तुझ्या आईचे हात बघ. बघ ना. माझ्याकडे काय बघतेस? चौदा महिने मी दम धरतो. तू चाळीस वर्षं धरशील का त्या पट्ट्यावर?"

ब्लियानं हात टेबलाखाली घेतले.

सगळ्यांनी तेंगकडे पाहिलं. घर त्याचं होतं. नको, थोरले बाबा, तुम्ही कुठे जायचं नाही, एवढं तो म्हणाला असता तर तिथेच सगळं मोडलं असतं, कागद, कॉलेज, सगळं, आणि कदाचित ते बरंही झालं असतं. तेंगनं तोंड उघडलं. मिटलं. मग उठला आणि फोनवर सेंट पॉलच्या बसची वेळ बघायला लागला.

हे मी कोणाला बरं वाटावं म्हणून फिरवून सांगणार नाही. पाठीवर बांधून ज्यानं नदी पार केली, त्याच्या बसची वेळ त्यानं बघितली. अकरा चाळीस.

बुधवारी तिघं ट्रकमधून शाळेत गेले. शाळा वाटेवर, बसथांबा पुढे सहा मैल. आजोबांची एक पेटी, एक तांदळाची पिशवी, मिरचीची वीस रोपं वर्तमानपत्रात. ऊन पडलं होतं पण वारा कापत होता. तेंगनं ट्रक कचेरीच्या खिडकीसमोर लावला. दुसरी जागा नव्हती.

"काच वर ठेवा," तो म्हणाला. "आम्ही आलोच."

ग्रोटेबाईंनी दोघांना खुर्च्या दिल्या. तेंग खुर्चीच्या कडेवर बसला. टोपी काढावी की नाही ते त्याला कळेना, म्हणून त्यानं ती काढून परत घातली. गमबुटांचा चिखल गालिच्यावर पडत होता. तो पाय आत ओढत होता, आणि तसा तो आणखी पडत होता.

"बापरे, मिस्टर खांग, शेवटी भेट झाली! केवढी मुलगी वाढवलीत तुम्ही!" बाईंनी कागद ओढला. "शेंग, तूच भर. नावं."

शेंगनं लिहिलं. बाप, आई, ती, धाकट्या दोघी. पाच ओळी. खाली चार ओळी कोऱ्या होत्या.

"झालं?" ग्रोटेबाईंनी पेनानं कोऱ्या ओळींवर टकटक केलं. "आणि ते चुलते? निबंधातले? ते तुमच्याकडेच राहतात ना? त्यांना घाल की. घरात माणसं जास्त तेवढी मदत जास्त मिळते. तुमच्या फायद्याचंच आहे."

तेंगला 'अंकल' शब्द कळला. त्यानं शेंगकडे पाहिलं.

"काय म्हणतेय?" त्यानं आपल्या भाषेत विचारलं.

"म्हणतेय, त्यांना लिहा. जास्त पैसे मिळतील."

"फसवतेय."

"नाही बाबा. मला वाटतं, खरंच सांगतेय."

"म्हणूनच. नाही म्हण."

"ते आता आमच्याकडे नसतात," शेंग इंग्रजीत म्हणाली. "सेंट पॉलला असतात. त्यांच्या मुलीकडे."

"अरेरे. कधी गेले?"

"आत्ताच."

"नो," तेंग मधेच म्हणाला. त्याचं इंग्रजी कोणी मागितलं नव्हतं. "नो अंकल. नोबडी." आणि आपल्याच आवाजाला दचकला.

ग्रोटेबाईंची नजर खिडकीबाहेर गेली.

"ट्रकमध्ये कोण आहे?"

शेंगनं बापाला विचारलं नाही. "रानातल्या कामावरचे," ती म्हणाली. "त्यांना पुढे सोडायचंय."

"मग आत बोलव ना. केवढा गारठा आहे! मी कॉफी देते."

"नको. त्यांना इंग्रजी येत नाही."

तेंगनं सही केली. नाव लिहिता लिहिता पेन दोनदा थांबला. यंत्रानं कागद आत ओढला, एक हिरवा दिवा लागला आणि कागद खालून बाहेर आला. ग्रोटेबाई म्हणाल्या, "पोचला. बघितलंत? दोन मिनिटं." त्यांनी तेंगचा हात धरून हलवला. हात ओला होता. त्यांनी आपला हात हळूच स्कर्टला पुसला.

शेंगला वर्गात जायचं होतं. ती ट्रकपर्यंत आली आणि बाहेरच्या फरशीवर उभी राहिली. तेंग ट्रकमध्ये चढला, आजोबा मधून आपल्या बाजूला सरकले. काच अर्धी खाली आली.

"सही झाली?"

"झाली," तेंग म्हणाला.

"माझं काही विचारलं?"

तेंगनं किल्ली फिरवली. इंजिन पहिल्यांदा लागलं नाही.

"नाही. तुमचं कोणी विचारलं नाही."

"बघ, उगाच भीत होतास." आजोबा शेंगकडे बघून हसले. वरचे दोन दात नव्हते. "थंडीत उभी राहू नको. जा आत. अभ्यास कर."

तिला 'आजोबा' म्हणायचं होतं, पण खिडकी उघडी होती आणि तो शब्द आता कोणाला कोणत्या भाषेत कळेल याचा तिला भरवसा राहिला नव्हता.

ट्रक मागे सरकला. काचेमागून ग्रोटेबाईंनी हात हलवला. त्या सगळ्यांनाच हलवतात. आजोबांनी पाहिलं, त्यांचा चेहरा उजळला, आणि त्यांनीही हात वर करून हलवला, दोनदा, तीनदा.

"हात खाली घ्या, थोरले बाबा," तेंग म्हणाला. त्याचे ओठ हलले नव्हते. "खाली घ्या. ती बघतेय."